जुन्या जिप्सीचं सस्पेन्शन: पहिला खर्च कुठे करावा

मी २००६ ची सॉफ्ट टॉप मारुती जिप्सी किंग चिपळूणहून विकत घेतली आणि चालवतच पुण्याला आणली. कुंभार्ली घाट चढून कऱ्हाडला महामार्गाला लागेपर्यंत सगळं ठीक होतं. पुढे ताशी ७० चा वेग ओलांडला, एका पुलाच्या सांध्यावर चाक आपटलं आणि स्टिअरिंग असं थरथरायला लागलं की गाडी कडेला घेऊन मी दहा मिनिटं नुसता बसून राहिलो. आधीच्या मालकाने गाडी उंच दिसावी म्हणून चारही बाजूंना लांब शॅकल (स्प्रिंगचं टोक चेसिसला, म्हणजे गाडीच्या सांगाड्याला, जोडणाऱ्या झुलत्या पट्ट्या) घातले होते. बाकी सगळं मूळचं आणि झिजलेलं.

त्यानंतरच्या वर्षभरात मी बराच पैसा घातला, पण क्रम चुकला. आधी मोठे टायर, मग महागडे शॉकअप (शॉक ॲब्सॉर्बर) आणि सगळ्यात शेवटी बुश (सांध्यांतल्या रबरी कड्या) आणि पाटे (एकावर एक रचलेल्या लोखंडी पट्ट्यांची स्प्रिंग). गाडी खरी सुधारली ती त्या शेवटच्या, सगळ्यात स्वस्त कामाने. म्हणून हा लेख. नुकतीच जुनी जिप्सी घेतली असेल आणि ती खड्ड्यात पाठीचा कणा हलवते, ताम्हिणीच्या वळणांवर भरवसा देत नाही, मुरमाच्या चढावर एक चाक हवेत धरून बसते, अशी तक्रार असेल, तर खालच्या क्रमाने जा. जिप्सीला पहिल्यांदा उंची लागत नाही. तिचे पाटे मोकळेपणी हलायला हवे असतात.

आधी गाडी ओळखा

डिसेंबर १९८५ मध्ये जिप्सी बाजारात आली, १९९६ मध्ये १.३ लिटरची जिप्सी किंग आली, २००० साली एमपीएफआय (इंधन फवारणारं) इंजिन आलं. एवढ्या वर्षांत सस्पेन्शनची मूळ मांडणी मात्र तीच राहिली: पुढे आणि मागे सलग ॲक्सल (दोन्ही चाकांना जोडणारा एकच आडवा दांडा), चारही बाजूंना पाटे आणि ते पाटे ॲक्सलच्या खालून बांधलेले. गाडीचं वजन साधारण एक टन, पण मागे समोरासमोरच्या बाकड्यांवर माणसं किंवा सामान भरून नेण्याचा हिशेब धरून पाटे बनवलेले आहेत. तुम्ही एकटे किंवा दोघे बसलात की त्या पाट्यांना वाकायला पुरेसं वजनच मिळत नाही. त्यात पंधरा-वीस वर्षांचा गंज पाट्यांच्या मध्ये साचलेला. पाटे एकमेकांवर घसरायचे थांबतात आणि सगळा गठ्ठा एका जाड लोखंडी पट्टीसारखा वागतो. जिप्सी कडक असते असं जे सगळे म्हणतात, त्यातला निम्मा कडकपणा कारखान्याचा आणि निम्मा गंजाचा.

तुमची गाडी २०२० च्या आधीची जुनी थार सीआरडीई असेल तर तिच्या पुढच्या बाजूला पाटे नाहीत, टॉर्शन बार (पिळावर काम करणारे दांडे) आहेत. त्या गाडीला या लेखातला मागच्या पाट्यांचा, शॉकअपचा आणि मोजमापाचा भाग लागू पडेल. पुढचा टॉर्शन बार पिळून गाडी उंच करून देणाऱ्यांपासून मात्र दूर राहा. बार पिळल्याने चाकाचा एकूण प्रवास वाढत नाही, खाली जाण्याचा प्रवास तेवढा कमी होतो आणि बॉल जॉइंट व ड्राइव्ह शाफ्टचे सांधे सतत वाकड्या कोनात राबतात. जिम्नीला तर चारही बाजूंना कॉइल स्प्रिंग आहेत, तिचा विषयच वेगळा.

१. कागद आणि हत्यारं गोळा करा

कागद:
- आरसी. गाडी १५ वर्षांच्या जवळ आली असेल तर नोंदणीची मुदत आधी पाहा, कारण नूतनीकरणाला फिटनेस तपासणी होते.
- विमा पॉलिसी
- आधीच्या मालकाकडची बिलं, निदान काय बदललं याची तोंडी यादी तरी
- सर्व्हिस मॅन्युअल. बोल्ट किती आवळायचे याचे आकडे त्यातच मिळतात. गॅरेजात अंदाजाने आवळतात.

हत्यारं (काम गॅरेजात करणार असलात तरी मोजमाप तुम्हालाच करायचं आहे):
- मोजपट्टी, सुतळी, खडू, वही
- ट्रॉली जॅक आणि चार भक्कम जॅक स्टँड
- टॉर्क पाना
- तारेचा ब्रश, गंज सोडवणारं तेल
- दोन मोठे सी-क्लॅम्प
- टायरमधली हवा मोजायचा गेज आणि १२ व्होल्टचा पंप

जॅकवर उभ्या गाडीखाली कधीही जाऊ नका. पाटे काढताना स्टँड चेसिसखाली लावायचे, ॲक्सलखाली नाही, कारण ॲक्सल मोकळा होऊन खाली येणार असतो.

२. एक संध्याकाळ मोजमापाला द्या

सपाट जागा निवडा, म्हणजे सोसायटीच्या पार्किंगचा उतार चालणार नाही. टायरमध्ये चारही बाजूंना योग्य हवा भरा. मग प्रत्येक चाकाच्या केंद्रापासून वरच्या पत्र्याच्या कडेपर्यंतचं अंतर लिहून घ्या. चालकाची, म्हणजे उजवी बाजू बहुतेक जुन्या जिप्सींत थोडी बसलेली असते. डाव्या-उजव्यात सेंटिमीटरभर फरक असेल तर चिंता नको. त्याहून जास्त असेल तर पाटा बसलाय, तुटलाय किंवा आधीच्या मालकाने एका बाजूचा पाटा बदललाय.

दुसरं माप ॲक्सल आणि बंप स्टॉप (ॲक्सल वर येऊन चेसिसवर आपटू नये म्हणून लावलेला रबरी ठोकळा) यांच्यामधल्या अंतराचं. चाकाला वर जायला एवढीच जागा आहे. बंप स्टॉपचं रबर जागेवर आहे का तेही पाहा. मी पाहिलेल्या निम्म्या जिप्सींत ते केव्हाच गळून पडलेलं होतं.

तिसरी चाचणी सोपी आणि बोलकी. एक पुढचं चाक हळूहळू एका भक्कम दगडावर किंवा लाकडी ठोकळ्यांच्या पायऱ्यांवर चढवा, आणि त्याच बाजूचं मागचं चाक किती उंचीला जमीन सोडू लागतं ते पाहा. बाजूला एक माणूस उभा हवाच. दगडाची उंची वहीत लिहा. पुढच्या प्रत्येक बदलानंतर हीच चाचणी त्याच दगडावर करायची. एरवी पैसे घातले की गाडी सुधारल्यासारखी वाटतेच. खरोखर काय झालं ते वहीतला आकडा सांगतो.

३. आधी ज्यावर पैसे घालायलाच हवेत ते

यात मजा काही नाही, पण हे टाळून पुढे जाऊ नका.

चेसिस: पाटे जिथे टांगलेले असतात ते ब्रॅकेट आणि त्यांच्या आजूबाजूची चेसिस हातोडीने ठोकून पाहा. घट्ट लोखंड खणखणतं, गंजलेलं बद्द वाजतं. कोकणातली, समुद्राकाठची गाडी असेल तर मागच्या शॅकलचे ब्रॅकेट स्क्रू ड्रायव्हरने टोचून बघा. काळा रंग नुकताच मारलेला दिसला तर जास्त बारकाईने बघा.

किंगपिनचे (पुढचं चाक ज्यावर वळतं त्या खुंट्यांचे) बेअरिंग: पुढचं चाक उचला, वरून आणि खालून धरून हलवा. खडखड जाणवली तर दुसऱ्या माणसाला ब्रेक दाबायला सांगा. ब्रेक दाबून खडखड थांबली तर व्हील बेअरिंग सैल आहे, न थांबली तर किंगपिन. महामार्गावर स्टिअरिंग थरथरण्याचं सगळ्यात नेहमीचं कारण हेच. माझ्या गाडीत तेच होतं, लांब शॅकलने ते उघडं पाडलं एवढंच. बेअरिंग बदलून शिम (पातळ चकत्या) लावून ताण नीट बसवावा लागतो. यावर नवा स्टिअरिंग डॅम्पर (स्टिअरिंगची थरथर आवरणारा छोटा शॉकअप) बसवणं हा उपाय अनेक ठिकाणी सुचवतात. मलाही एका गॅरेजने तोच बसवून दिला. थरथर तीन महिने दबली आणि पुन्हा आली. डॅम्पर दुखणं झाकतो, बरं करत नाही.

टाय रॉडचे सांधे आणि व्हील बेअरिंगही याच वेळी बघून घ्या.

४. हवा, मग टायर

फुकटातली सुधारणा हवेत आहे. पेट्रोल पंपावरचा मुलगा जिप्सी पाहून सरसकट ३५ भरतो. एवढ्या हलक्या गाडीला ती फार होते. गाडीवरच्या किंवा मॅन्युअलमधल्या तक्त्याप्रमाणे थंड टायरमध्ये हवा भरा, निम्मा धसका तिथेच कमी होईल. कच्च्या रस्त्यावर, दगडांत उतरताना १८ ते २० पर्यंत आणा, डांबरावर येण्याआधी परत भरा. ट्यूबचे टायर असतील तर याहून खाली जाऊ नका. टायर रिमवर फिरतो आणि ट्यूबचा वॉल्व्ह मुळासकट उपटतो.

टायर बदलायची वेळ आलीच असेल तर एक हिशेब ध्यानात ठेवा. सलग ॲक्सलच्या गाडीत डिफरन्शियलचा गोळा (ॲक्सलवरचं गिअरचं फुगीर घर) हा जमिनीला सगळ्यात जवळचा भाग असतो. शॅकल लांब करा, पाटे बदला, काहीही करा, तो गोळा वर जात नाही. त्याला उचलतो फक्त टायर. किंगच्या अनेक गाड्यांवर येणारा २०५/७० आर १५ हा टायर सुमारे ६६८ मिमी उंच. २१५/७५ आर १५ घातला तर ७०३ मिमी, म्हणजे गोळा सुमारे १८ मिमी वर. स्पीडोमीटर ६० दाखवेल तेव्हा गाडी ६३ वर असेल, एवढाच फरक. २३५/७५ आर १५ घातला तर उंची ७३३ मिमी होते, पण गिअरिंग जवळजवळ दहा टक्क्यांनी लांबतं, चढाला इंजिन दमतं आणि वळवताना टायर घासायला लागतो. पहिल्या खेपेला २१५ वर थांबा. जुने टायर अजून चांगले असतील तर तेही नको, पैसे पुढच्या पायरीला ठेवा.

५. बुश आणि शॅकल

प्रत्येक पाट्याच्या दोन्ही टोकांना रबरी बुश असतात. ते आटले, फाटले की लोखंडावर लोखंड घासतं, प्रत्येक खड्ड्यावर कट्ट असा आवाज येतो आणि वळणावर गाडीचा मागचा भाग आपल्या मनाने सरकतो. चारही पाट्यांचे बुश, शॅकल पिन आणि प्लेट हा संच पुण्यात नाना पेठेत किंवा मुंबईत कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर सहज मिळतो. रबराला नख टोचून पाहा. नख न रुतणारं, चकचकीत, प्लॅस्टिकसारखं रबर घेऊ नका. बिल मागा. कंपनीच्या वेष्टनातला नकली माल या बाजारांत मुबलक आहे आणि बिल मागितलं की दुकानदार स्वतःच दुसरा डबा काढतो, हा माझा अनुभव आहे.

पीयूचे (पॉलियुरेथेनचे) रंगीत बुश घ्यावेत का? ते टिकतात हे खरं. पण ते कडक असतात, आणि खाचखळग्यांत पाट्याला टोकाशी थोडं पिळावं लागतं, तिथे ते अडवतात. वर ग्रीस सुकलं की कुरकुरतात. मुख्यतः डांबरावर चालवणार असाल तर घ्या. दगडांत चालवणार असाल तर साधं रबर.

आता या लेखातली सगळ्यात महत्त्वाची सूचना. शॅकल आणि पाट्याच्या पिनचे बोल्ट गाडी हवेत असताना शेवटचे आवळू नका. हवेत पाटे लोंबलेले असतात. त्या स्थितीत रबर आवळून धरलं की गाडी जमिनीवर उतरताच ते पिळलं जातं आणि कायम पिळलेलंच राहतं. गाडी विनाकारण कडक होते, थोडी उंच बसते आणि नवे बुश काही महिन्यांत फाटतात. सगळे बोल्ट हाताने लावा, गाडी चाकांवर उतरवा, पुढे-मागे ढकला, दोन-चारदा दाबून हलवा आणि मग आवळा. गॅरेजात हे सांगितलंत तर जॅकवर आवळलं काय आणि खाली आवळलं काय, असं उत्तर मिळेल. तिथे उभे राहून करून घ्या.

जुने बोल्ट गंजून बुशच्या नळीत अडकलेले असतील. आदल्या रात्री तेल मारून ठेवा. तरीही एखादा कापावाच लागेल, म्हणून नवे पिन आधीच आणलेले बरे.

६. पाटे

इथे वेळ द्या. जिप्सीतली खरी सुधारणा इथे आहे, आणि तिचा बहुतेक खर्च मजुरीचा आहे.

पाटे गाडीवरून उतरवल्यावर प्रत्येकावर खडूने लिहा: पुढचा डावा, पुढचा उजवा, मागचा डावा, मागचा उजवा, आणि पुढचं टोक कोणतं. दोन्ही डोळ्यांमधून (टोकांच्या गोल वेटोळ्यांमधून) सुतळी ताणा, मधल्या बोल्टाशी मुख्य पाट्यापर्यंत किती खोली भरते ते मोजा. ही त्या पाट्याची कमान. डाव्या-उजव्यात फरक सापडला तर तुमची गाडी एका बाजूला का झुकते ते इथे कळेल.

गठ्ठा सोडताना मधल्या बोल्टाच्या दोन्ही बाजूंना सी-क्लॅम्प लावल्याशिवाय नट काढू नका. त्या गठ्ठ्यात ताण असतो. क्लॅम्प थोडा थोडा सैल करत जा.

सुटा झालेला प्रत्येक पाटा तारेच्या ब्रशने लोखंड दिसेपर्यंत घासा. मग तडे शोधा. पाट्याला डिझेल फासा, पाच मिनिटांनी कोरड्या फडक्याने नीट पुसा आणि खडूची पूड भुरभुरवा. तडा असेल तर आत शिरलेलं डिझेल बाहेर झिरपतं आणि पांढऱ्या पुडीवर काळी रेघ उमटते. मधल्या बोल्टाच्या भोकाजवळ आणि डोळ्याच्या वळणाजवळ विशेष बघा. तडा गेलेला पाटा बदलायचा. त्याला वेल्डिंग करायचं नाही. आपल्याकडे पाट्यांना ६५एसआय७ जातीचं स्प्रिंगचं पोलाद वापरतात. त्याचा सगळा लवचीकपणा उष्णता-प्रक्रियेत असतो आणि वेल्डिंगची आच लागली की तो जातो. तशा जोडाचा पाटा दगडांत तुटला तर ॲक्सल जागा सोडतो.

हाच नियम कमान चढवण्याला. बसलेल्या पाट्याला पाटेवाल्याकडे थंड स्थितीत, दाबून किंवा हातोड्याने कमान चढवून घ्या. भट्टीत लाल करून कमान देणारा आणि नंतर पुन्हा उष्णता-प्रक्रिया न करणारा कारागीर कितीही स्वस्त असला तरी नको. तसा पाटा दोन महिन्यांत परत बसतो.

आता घर्षण. वरच्या पाट्याच्या पोटात खालच्या पाट्याचं टोक घासून खाच पडलेली दिसेल. ग्राइंडरने त्या टोकाची धार हलकेच मारा, कडा गोल करा. पाणी मारत मारत करा, पाटा तापू देऊ नका. मग सगळ्या पाट्यांना ग्रॅफाइटचा कोरडा लेप द्या आणि टोकांशी नायलॉनचे किंवा एचडीपीईचे चकतीसारखे तुकडे बसवा. नुसत्या पट्ट्या सरकवल्या तर त्या चार फेऱ्यांत बाहेर निघतात. खाच किंवा भोक धरून बसणारे घ्या. ग्रीस भरू नका. कोकणातली तांबडी माती असो की घाटावरची काळी, ग्रीसला चिकटली की घासकागदाचं काम करते.

जोडताना मधला बोल्ट नवा, यू बोल्ट (पाटा ॲक्सलला बांधणारे) नवे. यू बोल्ट एकदा आवळले की ताणले जातात, जुने पुन्हा लावले तर सैल पडतात आणि ॲक्सल सरकू लागतो. चार पैसे वाचवायची ही जागा नाही.

एक पाटा काढून टाकावा का, हा प्रश्न प्रत्येक नवा जिप्सीवाला विचारतो. काढल्याने गाडी मऊ होते हे खरं आहे. पण ती खाली बसते, बंप स्टॉपला लवकर आपटते आणि लो गिअरमध्ये खडा चढ चढताना ॲक्सल स्वतःभोवती पिळला जाऊन पाटा नागमोडी होतो. माझं मत असं: बुश, सफाई आणि शॉकअप झाल्याशिवाय हा निर्णय घेऊच नका, कारण अनेकदा त्यानंतर गरज उरत नाही. उरलीच, आणि मागे नेहमी दोनच माणसं किंवा तंबूएवढं सामान असेल, तर फक्त मागच्या जोडीतला एक-एक पाटा, दोन्ही बाजूंचा सारखाच, काढून पाहा. मुख्य पाटा आणि त्याखालचा दुसरा याला हात लावायचा नाही. काढलेले पाटे नाव लिहून जपून ठेवा आणि मागे माणसं भरून न्यायची सवय सोडा.

आणखी एक. पुढे लोखंडी बंपर आणि विंच लावायचा विचार असेल तर तो आधी पक्का करा. पाटे वजनाप्रमाणे ठरतात. आज मऊ केलेले पुढचे पाटे उद्या विंचच्या वजनाने बसतील आणि खर्च दुप्पट होईल. पहिल्या वर्षी विंच घेऊ नका, एक जाड दोरी आणि दुसरी गाडी सोबत ठेवा.

७. शॉकअप

शॉकअप गाडी उचलत नाही आणि पाटा मऊही करत नाही. पाट्याची उसळी आवरणं एवढंच त्याचं काम. पाटे गंजलेले असताना महागडे शॉकअप घातले तर ते आवरायला काही हालचालच नसते. मी नेमकं तेच केलं होतं.

जुने तपासताना बोनेट दाबून गाडी किती हलते ते पाहायची रीत जिप्सीत फसवी आहे, कारण कडक पाटे मुळातच हलत नाहीत. शॉकअप काढा, उभा धरा आणि पूर्ण आत-बाहेर करा. दोन्हीकडे सारखा, सलग विरोध जाणवला पाहिजे. मध्येच मोकळा पट्टा लागला, तेल पाझरलेलं दिसलं किंवा दांड्यावर गंजाचे टिपके असले, तर बदला.

नवे घेण्याआधी तीन मापं काढा: गाडी उभी असताना वरच्या आणि खालच्या बांधणीच्या केंद्रांमधलं अंतर, ॲक्सल बंप स्टॉपला टेकला असताना तेच अंतर, आणि चाक पूर्ण लोंबलेलं असताना तेच अंतर. शॉकअप पूर्ण दाबल्यावर दुसऱ्या मापापेक्षा निदान २० मिमी आखूड हवा, नाहीतर बंप स्टॉपच्या आधी तोच आपटेल आणि आतून फुटेल. पूर्ण ताणल्यावर तिसऱ्या मापापेक्षा थोडा लांब हवा, नाहीतर लोंबणाऱ्या ॲक्सलचं सगळं वजन त्याच्या दांड्यावर लटकेल. दुसऱ्या गाडीचा शॉकअप जिप्सीला चपखल बसतो असं दुकानदार सांगेल. भोकात बसतोही. ही तीन मापं जुळली तरच घ्या.

तेलाचे की गॅसचे? साध्या तेलाच्या शॉकअपमध्ये खडबडीत रस्त्यावर सतत हलून तेलाला फेस येतो आणि तासाभराने तो ढिला पडतो. गॅस भरलेल्यात फेस कमी होतो. पण एक टनाच्या गाडीला मोनोट्यूब (एकाच नळीच्या) प्रकारचे जास्त दाबाचे शॉकअप लहान खड्ड्यांवर टणक लागतात. शनिवार-रविवारी मुळशी, वेल्हे, भंडारदरा भागात फिरणाऱ्याला कमी दाबाचे, गॅस भरलेले ट्विन ट्यूब (नळीत नळी असलेले) पुरेसे. बजेट अगदीच आखडलेलं असेल तर मूळच्या प्रकारचे नवे तेलाचे घ्या. झिजलेल्या पाच हजारांच्या शॉकअपपेक्षा नवा साधा शॉकअप केव्हाही चांगला.

ट्विन ट्यूब शॉकअप बसवण्याआधी उभा धरून चार-पाच वेळा पूर्ण आत-बाहेर करा. दुकानात आडवा पडून आत हवा शिरलेली असते, ती वर निघते. हे न करता बसवले की पहिल्याच दिवशी खडखड येते आणि माणूस माल परत करायला धावतो.

८. बंप स्टॉप आणि ब्रेकच्या नळ्या

गळालेले बंप स्टॉप नवे लावा. ते स्वस्त आहेत आणि चेसिस वाचवतात. मग चाक पूर्ण लोंबलेलं असताना ब्रेकची रबरी नळी बघा. ती ताणलेली दिसता कामा नये. पाटे मोकळे झाल्यावर चाक आधीपेक्षा खाली जातं, म्हणून ही तपासणी काम झाल्यावर पुन्हा करायची. जुन्या नळीला वाकवल्यावर भेगा दिसल्या तर त्याच दिवशी बदला.

९. उंची वाढवायची घाई करू नका

लांब शॅकल हा सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात फसवा मार्ग. शॅकल ५० मिमीने लांब केला तर गाडी निम्मीच, २५ मिमी वर जाते, कारण पाट्याचं एकच टोक सरकतं. जिप्सीच्या पुढच्या पाट्यांचा शॅकल पुढच्या टोकाला आहे. तो लांब झाला की ते टोक खाली झुकतं, ॲक्सल पुढे कलंडतो आणि कॅस्टर (किंगपिनचा मागे झुकलेला कोन) कमी होतो. मग वळण संपल्यावर स्टिअरिंग आपोआप सरळ होत नाही आणि महामार्गावर गाडी भरकटते. पाचराच्या शिम लावून कोन दुरुस्त करता येतो, पण तो पुढचा खर्च. माझ्या गाडीवरचे लांब शॅकल काढून मूळ मापाचे लावले तेव्हा गाडी इंचभर खाली आली आणि मी पहिल्यांदा ताशी ८० ने निवांत चालवली.

पाटे ॲक्सलच्या वर नेऊन बांधायचा प्रकार तुम्हाला स्पर्धेच्या गाड्यांत दिसेल. त्याने गाडी साधारण पाच इंच उठते. सोबत ॲक्सलवर नव्या बैठका वेल्ड करणं, स्टिअरिंगच्या दांड्याचा कोन बदलणं, ब्रेकच्या लांब नळ्या, प्रॉपेलर शाफ्टची लांबी आणि कोन हे सगळं येतं. गोव्यातल्या रेनफॉरेस्ट चॅलेंजसारख्या स्पर्धांत उतरणाऱ्या, ट्रेलरवरून गाडी नेणाऱ्या लोकांचं ते काम आहे. रोज ऑफिसला जाणाऱ्या गाडीवर पहिल्या वर्षी ते नको.

कायद्याची बाजूही आहे. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे आरसीवरचा तपशील कंपनीच्या मूळ तपशिलाशी विसंगत होईल असा बदल मालकाला करता येत नाही. २०१९ च्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२अ (४) मध्ये परवानगीबाहेरच्या प्रत्येक बदलाला पाच हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही, अशी तरतूद आहे. झिजलेल्या सुट्या भागाच्या जागी त्याच मापाचा नवा भाग लावणं ही दुरुस्ती. चेसिसला कापाकापी, वेल्डिंग आणि डोळ्यांत भरणारी उंची हे फिटनेसच्या वेळी आणि विम्याच्या दाव्याच्या वेळी आडवं येतं. पायरी तीन ते आठमधलं काम मूळ मापाच्या भागांनी केलंत तर ही धास्ती उरत नाही. सगळी बिलं मात्र फायलीत ठेवा.

१०. खर्चाचा अंदाज आणि कामानंतरची पहिली फेरी

माझ्या वहीतला हिशेब: बुश, पिन, शॅकल सुमारे तीन हजार, पाटे उतरवणं, साफसफाई, दोन पाट्यांना कमान, नवे यू बोल्ट, मधले बोल्ट आणि मजुरी मिळून आठ हजार, चार शॉकअप नऊ हजार, बंप स्टॉप आणि ब्रेकच्या नळ्या दोन हजार. एकूण २२ हजार. किंगपिनचं काम वेगळं. गाव आणि गॅरेज बदललं की आकडे बदलतील. एका दमात पैसे नसतील तर पाटे आणि बुश आधी, एकत्रच, कारण दोन्हीला गाडी तेवढीच खोलावी लागते. शॉकअप पुढच्या महिन्यात केले तरी चालतात.

काम झाल्यावर अलाइनमेंट करून घ्या. सलग ॲक्सलमध्ये टो (पुढची चाकं किती आत किंवा बाहेर वळलेली आहेत ते) तेवढा जुळवता येतो, तरी तो जुळवाच. मग मघाच्या चाचणीचा तो दगड आठवा. माझ्या गाडीचं मागचं चाक पूर्वी ज्या उंचीला जमीन सोडायचं, त्याच उंचीला आता जमिनीवर टेकून होतं, आणि टायर तेच होते.

पहिले १०० किलोमीटर झाले की यू बोल्ट टॉर्क पान्याने पुन्हा आवळा, गाडी चाकांवर उभी असताना. ५०० किलोमीटरला परत एकदा. तेव्हाच शॅकलचे नट, शॉकअपच्या बांधण्या आणि पाट्यांच्या टोकांचे नायलॉनचे तुकडे जागेवर आहेत का ते बघा. पावसाळ्यातल्या चिखलाच्या फेऱ्यांनंतर पाट्यांमधून पाण्याचा फवारा मारून माती काढा आणि गाडी उन्हात वाळू द्या. वर्षातून एकदा वही काढून चारही कोपऱ्यांची उंची मोजा. एखादा कोपरा खाली सरकायला लागला असेल तर पाट्याचा तडा मोठा व्हायच्या आत तुम्हाला तो सापडेल.